झोप राईत राहायची

एक होती वाडी. तिला राजा नव्हता, राणी नव्हती. तिला एक राई होती, म्हणून राजाची कमी कधी कुणाला भासली नाही.

राई म्हणजे साधं रान नव्हे, बरं का. देवीच्या नावानं राखलेलं रान. आत शेंदूर लावलेला एक दगड होता, त्याला सगळे राईतली आई म्हणायचे. भोवती ऐन, किंजळ, शिवण, जांभूळ. अशी उंच झाडं, की शेंडा बघायला मान वर केली तर डोक्यावरचं मुंडासं खाली पडायचं. तिथलं वाळकं काटकूही कुणी घरी न्यायचं नाही. चुलीत घालायला नाही आणि दात कोरायलाही नाही.

त्या राईत काय काय राहायचं? पाणी राहायचं. मुळांच्या खाली, काळोखात, गार. तिथनं ते झऱ्यानं वाडीत यायचं. मग मधमाश्या राहायच्या. त्या सकाळी परसात यायच्या, भोपळ्याच्या फुलांवर बसायच्या, म्हणून वेलाला भोपळे धरायचे. आणि तिसरी राहायची झोप.

हसू नका. वाडीची सगळी झोप त्या राईत राहायची. दिवसभर वाघळासारखी फांद्यांना लोंबकळायची. दिवस कलला की राईतनं गार वारा निघायचा आणि त्याच्या मागोमाग झोप उतरायची. आधी गोठ्यात जायची, मग पोरांच्या डोळ्यांवर, मग म्हाताऱ्यांच्या. त्या वाडीत पोरांना झोपवायला गोष्ट सांगावी लागत नसे. तुम्हाला लागते. पाय आत घे बघू, आणि ऐक.

त्या वाडीत जानू नावाचा एक पोरगेला गडी होता. आईबाप लहानपणीच गेले. थोरल्या बहिणीनं, आवडीनं, त्याला वाढवलं. स्वतः पेज प्यायची आणि त्याला भात घालायची. जानू तिला बाय म्हणायचा. जीव होता त्याचा बायवर. पण डोकं कसं? सुक्या गवतासारखं. ठिणगी पडली की पेटलंच.

आवडीचं लग्न झालं, ती डोंगरापलीकडे नांदायला गेली. मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात ओटी भरली, तेव्हा जानू तिच्या सासरी जेवायला गेला. तिकडची रीत अशी, की पहिल्या बाळाचा पाळणा मामानं आणायचा. पंगतीत आवडीची जाऊ वाढता वाढता म्हणाली, "पाळणा कसला आणतोय हा? झोळी आणील झोळी. जुन्या लुगड्याची. आणि वर म्हणेल, वारा चांगला लागतो हिला."

बाया हसल्या. जानूच्या तोंडात घास होता. तो तसाच उठला. "राईतल्या शिवणीचा पाळणा आणीन! तुमच्या साऱ्या गावात नसेल असा!"

आवडी म्हणाली, "खाली बस रे. कढी सांडली सगळी."

पण बोलून बसला ना. आता मागं कसा फिरणार?

राईतलं काही हवं असेल तर आईला विचारायचं असे. त्याला कौल लावणं म्हणतात. जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून दगडाला चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर हो. डावी आधी पडली तर नाही. आणि राईतली आई नेहमी नाहीच म्हणायची. त्याचं कुणाला वाईटही वाटायचं नाही. विचारायचं, नाही ऐकायचं, पाया पडून घरी जायचं.

जानूला नाही ऐकायचं नव्हतं. मग त्यानं काय करावं? वाटेत एक कच्चा फणस तोडला, त्याचा चीक अंगठ्याला लावला आणि राईत गेला. फणसाचा चीक कसा असतो माहीत आहे ना? एकदा चिकटला की चिकटला.

रवळू गुरव म्हणून एक म्हातारा देवीची पूजा करायचा. जानू त्याला म्हणाला, "गुरवबाबा, तुमचे हात थरथरतात. पाकळ्या मी लावतो."

गुरवानं त्याच्याकडे पाहिलं. अंगठ्याकडेही पाहिलं. पण म्हणाला काय? "लाव बाबा."

उजवी पाकळी पडली. डावी आपली बसून राहिली घट्ट. वारा आला, माशी येऊन बसली, तरी हलेना. गुरवानं घंटा वाजवली. "आईनं हो म्हटलं," म्हणाला, आणि दुसरीकडे बघायला लागला.

मग शिवण पडली. आज्याच्या आज्यापासूनची शिवण. ती पडली तेव्हा सगळ्या वाडीला ऐकू गेलं, आणि कुणी घराबाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानू ती डावी पाकळी काढायला गेला. कुणाला दिसू नये म्हणून. ओढली, ती दगडावरून निघाली आणि त्याच्या अंगठ्याला चिकटली. झटकली, निघेना. तेल लावलं, निघेना. राखेनं घासलं, चिंचेनं घासलं. कातडं निघायची वेळ आली, पण पाकळी तशीच. लाल. ताजी. सुकेचना. मग त्यानं अंगठ्याला चिंधी बांधली. कुणी विचारलं, "काय झालं रे?" तर सांगायचा, "कोयता लागला."

पाळणा मात्र देखणा झाला, खोटं कशाला बोलू? आवडी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. चाफी नाव ठेवलं. आवडीनं पाळण्यावरून हात फिरवला. "शिवण आहे रे ही. आईनं खरंच हो म्हटलं?"

"म्हटलं की," जानू म्हणाला, आणि हात पाठीमागं नेला.

इकडे वाडीत लोक काय बोलायला लागले? जानूला दिलं, मग आम्हाला का नाही? आधी भिकू गेला. त्याला घराला आढं हवं होतं. उजवी पाकळी पडली. मग धोंडूकाकी गेली. तिला दाराची चौकट हवी होती. उजवी पडली. मग खुद्द गुरवानं कौल लावला. म्हणाला, आईला नवी पालखी करू, आईच्याच झाडाची. उजवी पडली. मग रांगच लागली. त्या उन्हाळ्यात वाडीतला एकही फणस पिकेपर्यंत झाडावर राहिला नाही. आणि दारात भेटेल त्याच्या बोटाला चिंधी.

"काय झालं हो काकी?"

"कोयता लागला मेला. तुला रे?"

"मलाही कोयताच."

पुढं पुढं कारणंही संपली. कोळशासाठी झाडं पडली. शेवटी शेवटी तर, दुसरा नेईल त्याआधी आपण नेऊ, म्हणून पडली.

मग काय झालं?

आधी मधमाश्या गेल्या. धुरासारखा एक लोट उठला आणि डोंगरापलीकडे निघून गेला. भोपळ्याला फुलं आली, पिवळी धमक. भोपळे धरले नाहीत.

मग पाणी गेलं. झरा आधी बारीक झाला, मग नुसता ओलावा, मग नुसता दगड. पाऊस आला तेव्हा लोक म्हणाले, आता येईल पाणी. आलं की. लाल होऊन आलं. डोंगराची माती घेऊन आलं, भाताच्या खाचरांत ओतून खाली निघून गेलं. थांबायला त्याला घरच उरलं नव्हतं.

आणि मग झोप. झाडं कमी झाली तशी झोप बिचारी दाटीवाटीनं बसू लागली. या फांदीवरून त्या फांदीवर. शेवटी एकच जांभूळ उरली, तिच्यावर सगळ्या वाडीची झोप. तीही पडली. झोप थोडा वेळ उघड्यावर उभी राहिली, उन्हात. मग गेली.

माणसं अंथरुणावर पडायची आणि आढ्याकडे बघायची. आढं राईतलंच होतं, ते त्यांच्याकडे बघायचं. गुरं उभी राहायची. पोरं रडून रडून निळी व्हायची. चाफी तर त्या देखण्या पाळण्यात रडायची. पाळणा हलवला की जास्तच. आवडी तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायची, फिरायची. बाळंतीण ती. डोळे खोल गेले, दूध आटायला लागलं.

एके दिवशी सकाळी तिनं बोचकं बांधलं.

"बाय, निघालीस? पावसाळा तरी सरू दे."

"जाते रे. तिकडची राई आहे अजून. पोर झोपेल तरी."

"मी काही कमी केलं का?"

आवडी म्हणाली, "तू नाही रे. पण बाई माहेरी कशाला येते? लाडू खायला नाही येत, जानू. सासरी पहाटे उठायचं असतं, सगळ्यांच्या आधी. माहेरी ती झोपायला येते."

तिनं त्याचा हात हातात घेतला, निघताना घेतात तसा. चिंधी सैल झाली होती. ती गळून पडली. लाल पाकळी उन्हात चमकली.

आवडीनं पाकळीकडे पाहिलं. वास घेतला. फणसाच्या चिकाचा वास तिला कळणार नाही? मग तिनं पाळण्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं खाली पडलेली चिंधी उचलली, त्याच्या अंगठ्याला पुन्हा गुंडाळली, लहानपणी जखमेला बांधायची तशी नीट गाठ मारली. आणि पोर घेऊन गेली. पाळणा ठेवून गेली.

त्या दिवसापासून जानू मागच्या वाटेनं जायला यायला लागला. लांबून पाणी आणणाऱ्या बाया दिसल्या तर झुडपाआड थांबायचा. कुणाचं मूल रडलं की कान झाकायचा. कान झाकताना अंगठा डोळ्यांसमोर यायचा, मग डोळेही मिटायचा. पण झोप नव्हतीच.

दिवाळीला भाऊ बहिणीला न्यायला जातो. जानू गेला. आवडीनं दारातच विचारलं, "आली का रे झोप वाडीत?"

आणि हा मूर्ख म्हणाला, "आली आली!" तिला न्यायचीच होती ना त्याला. ती आली. चटई टाकून आडवी झाली, आणि उजाडेपर्यंत उघड्या डोळ्यांनी पडून राहिली. सकाळी चाफीला उचललं आणि गेली. एका लाजेवर जानूनं दुसरी चढवली.

पुढच्या दिवाळीला तो गेला तेव्हा तिनं पुन्हा विचारलं. या वेळी तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "नाही आली. तुला न्यायला नाही आलो, बाय. झोप परत कशी आणायची ते विचारायला आलोय."

"आधी जेव," आवडी म्हणाली. जेवला, आणि तिथंच पाटावर बसल्या बसल्या झोपला. दीड वर्षाची झोप. उठला तेव्हा चाफी त्याच्या मिशीला शेण लावत होती.

आवडी म्हणाली, "आधी वाडीला खरं सांग. मग राईत कुणाला जाऊ देऊ नको. गुरं नाही, कोयता नाही, विस्तव नाही."

"लावायचं काय? चांगली रोपं आणतो, हजार आणतो!"

"तू काही करू नको रे बाबा. राई करता येत नाही. राखता येते. खोडं जिवंत असतील अजून."

मग जानू परत आला. वाडीला देवीपुढं बोलावलं. सावली नव्हतीच, सगळे डोळे बारीक करून उन्हात उभे. जानूनं चिंधी सोडली, अंगठा वर केला. "माझा कौल खोटा होता," म्हणाला. "डाव्या पाकळीला चीक लावला होता. आईनं हो म्हटलंच नव्हतं. तुमच्या पोरांची झोप मी घालवली."

जानूला वाटलं आता मारतील. मग रवळू गुरव पुढं आला. म्हातारा रडत होता. त्यानं आपल्या बोटाची चिंधी सोडली. लाल पाकळी. "मी त्या दिवशी पाहिलं होतं रे," म्हणाला. "मलाही पालखी हवी होती." मग धोंडूकाकी. मग भिकू. मग सगळे. उन्हात नुसती लाल लाल बोटं.

धोंडूकाकी भिकूला म्हणाली, "मेल्या, तुला कोयता लागला म्हणून मी हळद दिली होती!"

"आणि काकी, तुम्हाला मी तूप दिलं होतं, त्याचं काय?"

थोडं हसू आलं. मग ते हसूही लाजेनं खाली बसलं. पाकळ्या? त्या काही गळून पडल्या नाहीत. खरं बोललं की सगळं धुऊन निघतं असं नसतं. पण चिंध्या बांधायचं सगळ्यांनी सोडलं. भाकरी मोडताना, पाणी देताना, ज्याला त्याला आपली पाकळी दिसायची. तेवढी पुरे होती.

मग राखण सुरू झाली. आणि जानूसारख्या माणसाला काही न करणं किती अवघड, सांगू? पहिल्या वर्षी त्यानं जांभळाचं एक रोप उपटून पाहिलं, मुळं धरली का म्हणून. मेलंच ते. गुरवबाबा ओरडला, "जान्या, भात शिजतोय का ते बघायला चूल उपटतोस का?" मग जानू हात मांडीखाली घालून बसायचा. बकरी आली की हुसकायचा. डोंगराला वणवा लागला की ओल्या फांद्या घेऊन सगळी वाडी धावायची. बाकी नुसतं बसायचं आणि बघायचं.

खोडांना धुमारे फुटले. पानं पडली, कुजली, त्यांच्यावर आणखी पडली. पाखरं आली आणि कुठल्या कुठल्या बिया टाकून गेली. पावसाचं पाणी आधी लाल यायचं, ते तांबूस झालं, मग नितळ.

दर दिवाळीला जानू बहिणीला सांगून यायचा. "बाय, गुडघ्याएवढी झाली." "बाय, कमरेएवढी झाली."

"अजून राहू दे," आवडी म्हणायची. "घाई करू नको. मी कुठं जाते?"

आणि एक दिवस दुपारी, झऱ्याच्या दगडाखाली पाणी वाजलं. राईतनं वारा आला. जुन्यासारखा. आणि भिकू पानाला चुना लावता लावता पेंगला. चुना नाकाला. लोक त्याच्याभोवती जमले, पण कुणी उठवलं नाही. धोंडूकाकी तोंडावर पदर धरून रडली. "झोपलाय गं. झोपलाय."

जानू धावत सुटला. वहाणा न घालता, तसाच डोंगर चढला, तसाच उतरला. वाटेत म्हणत होता, बाय, चल. बाय, आता चल.

आवडीच्या दारात माणसं बसली होती. गुडघ्यांत माना घालून. जावेनं त्याला पाहिलं आणि तिला हुंदका आला. "निरोप्या तुझ्याकडेच निघाला होता रे," म्हणाली. "चार दिवसांचा ताप. काल गेली."

जानू अंगणात उभा राहिला. सांगायचं ते तोंडातच राहिलं. कितीदा सांगितलं असेल त्यानं तिला, झाली गं, थोडीच राहिली. आणि झाली तेव्हा ऐकायला ती नव्हती. एका पाळण्यासाठी त्यानं तिचं माहेर मोडलं होतं, आणि नीट करून द्यायला उशीर केला होता. कुणाच्या तोंडाकडे बघावं त्याला कळेना, म्हणून तो जमिनीकडे बघत राहिला.

कोपऱ्यात चाफी बसली होती. मोठी झाली होती आता. परकर नेसायची. डोळे लाल, कोरडे. आई आजारी पडल्यापासून तिनं पापणीला पापणी लावली नव्हती. आजूबाजूला एवढी राई, एवढी झोप, पण पोर डोळे मिटायला तयार नाही. मिटले तर आई आणखी कुठं जाईल, असं वाटत होतं तिला.

तेरावं झालं. मग जानूनं तिच्या बापाला विचारलं आणि तिच्यासमोर येऊन बसला. "येतेस माझ्याबरोबर?"

चाफी म्हणाली, "आई म्हणायची, मामाकडे झोप नसते."

"नव्हती," जानू म्हणाला. "मीच घालवली होती. आता आलीय. तुझ्या आईला न्यायचं होतं. मला उशीर झाला."

पोर मग उठली आणि चालायला लागली.

वाडीजवळ आली तोवर ऊन चढलं होतं. राईच्या कडेला ती दमून बसली. जानूही बसला. वारा आला. वर पानं हलली. तिनं डोकं त्याच्या दंडावर टेकलं. "मामा," म्हणाली, "मी नुसती बसलेय हं. झोपणार नाही."

"नको झोपू."

आणि झोपली की! तोंड उघडं टाकून झोपली, तिची आई झोपायची तशी. जानूचा हात खाली अवघडला. मुंग्या आल्या. खरी मुंगीही एक आली, मानेवर चढली. एका जागी कधी न टिकणारा तो माणूस, पण हलला नाही. दुपार कलली, सावली लांब झाली, वाडीतनं धोंडूकाकी जेवायला हाक मारून गेली. तो हलला नाही. पोर झोपली होती ना, आईच्या माहेरी. तिच्या आईच्या वाट्याचीही झोपत होती.

पुढं काय? पुढं झरा वाहिला, भोपळे धरले, वाडी सुखानं राहिली. चाफी मोठी झाली, तिला पोरं झाली, ती मामाकडे येऊन दिवसभर लोळायची आणि कुणी तिला उठवायचं नाही. राईत पुन्हा कौल लावायची वेळ कुणावर आली नाही. कुणी विचारलंच नाही.

ऐका, वारा सुटलाय. उशी सरळ करा. मी इथंच बसलोय. मिटा डोळे.